तळटीप कोणाच्या बाजूने बोलते

आईच्या मातीला मिरजेहून आलेल्या मावशी चर्चमध्ये मधल्या रांगेत बसल्या होत्या. मावशी म्हणजे आईच्या सख्ख्या बहीण नव्हेत. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात उभी हयात परिचारिका म्हणून काढलेल्या, आईच्या तरुणपणापासूनच्या मैत्रीण, आणि आमच्या घरी येताना स्वतःचे पवित्र शास्त्र न चुकता पिशवीत घालून आणणाऱ्या एकमेव पाहुण्या. पावसाळ्याचे दिवस होते. ओल्या छत्र्या, मेणबत्त्या आणि शवपेटीवरचा निशिगंध यांचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. माझ्या मोठ्या भावाने पहिला शास्त्रपाठ वाचायला घेतला: नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत, कोणतीही यातना त्यांना शिवणार नाही, मूर्खांच्या दृष्टीला ते मेलेले दिसले, परंतु ते शांतीत आहेत. वाचताना भावाचा आवाज अडकला, त्याने घोटभर पाणी घेतले आणि पुढचे वाचन पूर्ण केले. त्या दिवशीचे बाकी फारसे काही मला आठवत नाही. मावशी मात्र तो पाठ नीट लक्षात ठेवून गेल्या होत्या.

काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या. चहाचा कप बाजूला सारून त्यांनी पिशवीतून चेन लावलेल्या कव्हरातले शास्त्र काढले आणि म्हणाल्या, “तुझ्या भावाने वाचलेला तो पाठ मला सापडत नाही गं. नीतिसूत्रे सगळी चाळली, उपदेशक चाळला. कुठे आहे तो?” ज्ञानग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, असे मी सांगितले. त्यांनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवले, पुन्हा वरपासून फिरवले. “असा ग्रंथच नाही यात.” मग मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले उत्तर दिले, की आमच्या बायबलात ७३ ग्रंथ आहेत आणि तुमच्या शास्त्रात ६६, तोबीत, ज्युडिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींचे दोन असे सात ग्रंथ, शिवाय एस्तेर आणि दानिएल यांतले काही भाग तुमच्याकडे नाहीत. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतले. “आकडे मलाही ठाऊक आहेत,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईसाठी वाचलेली इतकी चांगली वचने आमच्यातून कोणी काढली, की तुमच्यात कोणी घातली, एवढेच मला सांग.”

त्या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर नव्हते.

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती लोकांत आम्ही कॅथलिक मूठभर. या भागात सुवार्ता आणली ती अमेरिकन प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनने. दवाखाने, शाळा, वसतिगृहे त्यांची, आणि त्यामुळे शाळेत माझ्या वर्गातल्या ख्रिस्ती मुली बहुतेक मावशींच्या मंडळीतल्या असत. आमचे मूळ घर श्रीरामपूरकडचे, मतमाउलीच्या हरेगावाजवळचे. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी घर उठवले आणि वडील सांगलीत साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले. नगर जिल्ह्यातल्या कॅथलिक वस्तीत वाढलेल्या माझ्या आईला इथे येऊन पहिल्यांदाच कळले, की ख्रिस्ती असूनही मरियेची जपमाळ न म्हणणारी, मात्र शास्त्रातले वचन अध्याय-ओवीसकट घडाघडा म्हणून दाखवणारी माणसे असतात. मावशींशी तिची मैत्री जमली तीच या कौतुकातून. आमच्याकडे शास्त्र ऐकायचे असे. फादर किंवा वाचक वाचणार, आपण बाकावर बसून ऐकणार. मावशींकडे ते रोज सकाळी, घरातली कामे सुरू होण्याआधी, एकटीने वाचायचे असे. आईच्या उशाशी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ होते. २०२० साली फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिने भाषणाच्या बातमीचे कात्रण त्यात घालून ठेवले होते. ते मराठी तिला आवडे, कारण ते वाचताना कोणी समोर बसून बोलत असल्यासारखे वाटते, असे ती म्हणायची. परंतु मावशींनी विचारले होते ते समजून घेण्यासाठी मला दुसरे काही हवे होते. मजकुराखाली टिपा असलेले, प्रत्येक ग्रंथाआधी त्याचा इतिहास सांगणारे, नकाशे आणि समासात संदर्भ असलेले बायबल हवे होते. इंग्रजीत त्याला स्टडी बायबल म्हणतात. कॅथलिक परंपरेतले असे मोठे मराठी पुस्तक माझ्या हाती आले नाही; शोध इंग्रजीतच घ्यावा लागणार होता.

हे मी वरच्या मजल्यावरच्या काकांना सहज बोलून दाखवले. काका निवृत्त तलाठी, माळकरी, आणि त्यांच्या घरी सकाळी ज्ञानेश्वरीचे वाचन असते. वर ओवी, खाली अर्थ, अशी सार्थ प्रत. माझी अपेक्षा अशी, की ते विचारतील, बायबललाही असे सार्थ पुस्तक लागते का? त्यांनी ते विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “कोणाचे घेणार?” मला क्षणभर कळले नाही. मग त्यांनीच समजावले, की सार्थ ज्ञानेश्वरी आणायला दुकानात गेले तर नुसते ‘सार्थ द्या’ म्हणून चालत नाही. साखरे महाराजांची परंपरा हवी की सोनोपंत दांडेकरांची प्रत हवी, हे आधी ठरलेले असते, कारण ओवी तीच असली तरी खाली अर्थ सांगणारा कोण, त्यावर आपण कसे वाचणार ते ठरते. काकांच्या घरात हा प्रश्न इतका स्वाभाविक होता, की तो विचारताना त्यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नव्हती. माझा मात्र आजवरचा समज असा, की देवाचे वचन एकच असते आणि बायबल म्हणजे बायबल. फार तर अक्षर मोठे किंवा बारीक.

कोयना एक्स्प्रेसने मी पुण्याला गेले. धार्मिक पुस्तकांच्या त्या दुकानात एका बाजूला जपमाळा, पदके आणि नाताळच्या गोठ्यातले मेंढपाळ, आणि दुसऱ्या बाजूला बायबलांचे कपाट होते. तिथल्या सिस्टर फार धीराच्या. मला कपाटासमोर खुर्ची देऊन त्या आपल्या कामाला लागल्या. बायबलचा कागद हा एक निराळाच पदार्थ आहे, सिगारेटच्या कागदाइतका पातळ, आणि त्यामुळे पाठीमागच्या पानाची अक्षरे पुढच्या पानावर सावलीसारखी दिसत राहतात. साठीकडे झुकलेल्या डोळ्यांना हा मोठा प्रश्न आहे, आणि बायबलांची चर्चा करणारे लोक त्याबद्दल फारसे बोलत नाहीत, ही माझी तक्रार आहे. टिपांचा टाइप तर त्याहून बारीक. अनुवादाची अचूकता, टीकाकाराची विद्वत्ता हे सगळे खरे. पण खिडकीशी संध्याकाळी पाचनंतर वाचता न येणारे बायबल घरी आणून करायचे काय? मी प्रत्येक पुस्तक उघडून चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय पाहिले.

सिस्टरांनी प्रथम पुढे केले ते न्यू कम्युनिटी बायबल, मुंबईच्या सेंट पॉल्सने २००८ साली प्रसिद्ध केलेले. त्या पुस्तकावर त्या वेळी बराच गदारोळ झाला होता, कारण त्याच्या टिपांत उपनिषदे आणि गीता यांचे संदर्भ होते आणि आतल्या रेखाचित्रांत मरिया साडी नेसलेली आणि योसेफ मुंडासे बांधलेला होता. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत कॅथलिकही होते. पुढे त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मला त्या चित्रापाशी थांबावे लागले. लेकराला घेऊन रात्रीतून परक्या मुलखाकडे निघालेले कुटुंब दुष्काळात घर सोडलेल्या माझ्या आजोबा-आजींपेक्षा वेगळे दिसावे, असे मला तरी कोणी पटवून देऊ शकणार नाही. टिपाही भारतीय वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या, गरिबी, जात, स्थलांतर यांविषयी सरळ बोलणाऱ्या. तरीही ते पुस्तक मी घेतले नाही. त्याचा कल प्रवचनाकडे अधिक आहे; वाचलेले जीवनात कसे उतरवावे हे ते आपुलकीने सांगते, आणि मला त्या वेळी कोणी काही उतरवायला सांगू नये असे वाटत होते. हा दोष पुस्तकाचा नव्हे. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते.

दुसरे होते अमेरिकन बिशपांच्या परिषदेच्या अनुवादावर, न्यू अमेरिकन बायबलच्या २०११ च्या सुधारित आवृत्तीवर आधारलेले, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढलेले कॅथलिक स्टडी बायबल. त्याचे पुढचे शेकडो पानांचे वाचन-मार्गदर्शन पाहूनच मी दबले. या टिपांची शिस्त इतिहासकाराची आहे. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत निर्मितीच्या दोन निराळ्या परंपरा कशा जोडल्या आहेत, योनाचे पुस्तक इतिहास म्हणून न वाचता बोधकथा म्हणून का वाचावे, हे सर्व त्या आवाज न चढवता सांगतात. तिसरे न्यू जेरुसलेम बायबल, १९८५ चे. त्याच्या मुळाशी जेरुसलेमची ती फ्रेंच अभ्यासशाळा आहे, जी दॉमिनिकन धर्मगुरू लाग्रांज यांनी १८९० साली सुरू केली. त्याच्या समासांत संदर्भांची इतकी दाटी, की एका वचनाचा धागा धरला तर यशयापासून प्रकटीकरणापर्यंत फिरून यावे. तेच मी जवळजवळ घेतले होते. चौथे इग्नेशियस स्टडी बायबल, स्कॉट हान आणि कर्टिस मिच यांच्या टिपांचे, ज्याचा नवा करार २०१० मध्ये एका खंडात आला होता आणि संपूर्ण ग्रंथ २०२४ मध्ये. ते सर्वांत जाड आणि सर्वांत महाग. मांडीवर घेतल्यावर पाय अवघडतो. त्याच्या टिपांना लहान चिन्हे जोडलेली आहेत: शास्त्राच्या दोन भागांचा एकमेकांशी संबंध सांगणारी टीप असेल तर उघडे पुस्तक, चर्चची जिवंत परंपरा सांगणारी असेल तर कबुतर, श्रद्धेची शिकवण सांगणारी असेल तर किल्ल्या. बोलणारा कोणत्या नात्याने बोलतो आहे हे आधीच सांगून ठेवण्याची ही पद्धत मला प्रामाणिक वाटली. काका ऐकते तर त्यांनाही आवडली असती.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाचले जाते तेच इंग्रजी हवे असेल तर मात्र यांपैकी एकही चालणार नाही, असे सिस्टर जाता जाता म्हणाल्या. भारतात २०२० च्या झावळ्यांच्या रविवारपासून इंग्रजी मिस्सेची वाचने इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनच्या कॅथलिक आवृत्तीतून होतात. माझी मिस्सा मराठी. तो प्रश्न तिथेच मिटला.

निवड करायची कशी? मी मनाशी काही जागा ठरवून गेले होते, जिथे टिपा सत्य सांगतात की सावरून घेतात हे कळावे. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट ही पहिली. सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत ते शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबते: स्त्रिया कबरीपासून पळून गेल्या, त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि चर्च त्यांना शास्त्र म्हणूनच स्वीकारते. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली गोष्टही तशीच. सर्वांत प्राचीन प्रतींत ती नाही, आणि तरीही येशूचे वाळूत बोटाने लिहिणे वगळले तर माझ्या आईचे अर्धे शुभवर्तमान संपले असते. मी पाहिलेल्या पुस्तकांनी या दोन्ही ठिकाणी काहीही लपवलेले नव्हते. पहिल्यांदा असे वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे खरे आहे. माझ्याही आला. पण शास्त्र आकाशातून छापील खाली आले नाही, हे मला माझ्याच परंपरेच्या पुस्तकाने सांगावे, बाहेरच्या कोणी हिणवून सांगू नये, असे त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला फार तीव्रतेने वाटले.

मग ८८ वे स्तोत्र. दवाखान्यातल्या शेवटच्या रात्री आईला ते ऐकायचे असे. बाकीची विलापाची स्तोत्रे रडून झाल्यावर शेवटी देवाकडे वळतात. हे एकच असे, की जे अंधारातच संपते. तिथे एखाद्या टीकाकाराने घाईघाईने पुनरुत्थानाचा दिवा लावला असता, तर मी ते पुस्तक बंद केले असते. आणि शेवटी, अर्थातच, ज्ञानग्रंथ. त्याची प्रस्तावना मी उभ्यानेच वाचली. शलमोनाच्या तोंडी घातलेला हा ग्रंथ मुळात ग्रीकमध्ये लिहिला गेला, बहुधा अलेक्झांड्रियात, ख्रिस्ताच्या जन्माच्या थोडे आधी, परमुलखात राहणाऱ्या आणि आजूबाजूच्या झगमगाटात आपला धर्म टिकवू पाहणाऱ्या यहुद्यांसाठी. मूठभरांसाठी लिहिलेला ग्रंथ. सांगलीत राहून हे वाचताना वेगळी ओळख पटते.

इग्नेशियस घेऊन मी परत आले, आणि मावशींच्या प्रश्नाचा उलगडा पुढच्या काही आठवड्यांत होत गेला. ग्रीक भाषिक यहुद्यांच्या शास्त्रसंग्रहात हे ग्रंथ होते आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी तोच संग्रह वापरला. यहुदी परंपरेने पुढे जो हिब्रू संग्रह कायम केला त्यात ते आले नाहीत. संत जेरोमने लॅटिन अनुवाद करताना या ग्रंथांविषयी शंका घेतली, आणि तरी तोबीतचा अनुवाद केला, तोही एका दिवसाच्या कामात, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक लूथर याने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ते जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये वेगळे ठेवले. शास्त्राच्या बरोबरीचे नव्हेत, पण वाचायला चांगले, असे त्याचे मत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ते शास्त्रच आहेत असे ठरवले. इथवरचे मी ऐकून होते. मला ठाऊक नव्हते ते पुढचे: १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी प्रॉटेस्टंट बायबलातही हे ग्रंथ मध्यभागी छापलेले होते. ते खरोखर गळाले ते एकोणिसाव्या शतकात, जेव्हा १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीत मोठा वाद होऊन १८२६ साली असे ठरले, की हे ग्रंथ समाविष्ट असलेल्या बायबलांसाठी सोसायटीचा पैसा खर्च करायचा नाही. आशिया-आफ्रिकेतल्या भाषांत बायबले छापली जात होती ती मुख्यतः अशा संस्थांच्या बळावर. म्हणजे मिरजेतल्या मावशींच्या पिशवीतल्या पुस्तकात ज्ञानग्रंथ नसण्यामागे लूथर जितका आहे, तितकीच लंडनमधली एक हिशेबाची वहीही आहे.

याच सोसायटीचा आणखी एक नियम होता: शास्त्र छापायचे ते टीप किंवा भाष्य न जोडता. माझ्या चर्चचा नियम याच्या बरोबर उलटा. १९८३ च्या धर्मविधानाच्या ८२५ व्या कलमानुसार शास्त्राचा अनुवाद परवानगीशिवाय छापता येत नाही, आणि त्यात आवश्यक तेवढ्या टिपा असाव्याच लागतात. एका बाजूला भीती ही, की टीप लिहिणारा माणूस वचनावर स्वार होईल. दुसऱ्या बाजूला ही, की टिपेवाचून वाचणारा स्वतःच्याच मतावर स्वार होईल. दोन्ही भीती मला खऱ्या वाटतात. मावशींच्या मंडळीत एका वचनावरून दोन गट पडलेले मी पाहिले आहेत, आणि आमच्याकडे ‘फादर सांगतील ते’ म्हणून पुस्तक न उघडणारी माणसे तर घरोघरी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज काढला आणि त्यात जेरोमचेच वाक्य पुढे करून सर्व श्रद्धावंतांना शास्त्र वाचायला सांगितले: शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान. त्यानंतर जन्मलेली मी. पण आमच्या घरात बायबल उघडून एकटीने बसण्याची सवय आईपासून सुरू झाली, आणि तीही मावशींना पाहून.

आता रोज सकाळी मी आधी मराठी वाचते, मोठ्याने, आणि मग ते जाड पुस्तक उघडते. टिपांकडे डोळा आधी जाऊ नये म्हणून पानाच्या खालच्या भागावर आईने जपलेले बातमीचे ते कात्रण ठेवते. तरीही डोळा जातो. या टीकाकारांचे एक वैगुण्य मला सलते: जुन्या करारातली प्रत्येक गोष्ट ते नव्या करारापर्यंत पोचवल्याशिवाय सोडत नाहीत. शास्ते या पुस्तकात इफ्ताह नवसापायी आपल्या एकुलत्या एक मुलीचा बळी देतो, तिथे मला कशाचेही प्रतीक नको असते. त्या मुलीला दोन महिने मैत्रिणींबरोबर डोंगरावर रडायला मिळाले, एवढ्यावर कोणी थांबले तर बरे वाटते. अशा वेळी मी मोबाइलवर अमेरिकन बिशपांच्या टिपा काढून पाहते. त्या कोरड्या असतात आणि त्या कोरडेपणाचा कधी कधी आधार वाटतो. बुधवारी आमच्या चर्चमधल्या बायका एकत्र वाचायला बसतात, तेव्हा या टिपा मराठीत सांगाव्या लागतात. त्यासाठी मी एक वही केली आहे, आणि त्या वहीत कोणती टीप घ्यायची, कोणती गाळायची, हे मीच ठरवते. सिराखचा ग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्या त्याच्या नातवाने प्रस्तावनेत वाचकांची क्षमा मागितली आहे, की हिब्रूत म्हटलेल्या गोष्टीला दुसऱ्या भाषेत तोच जोर राहत नाही. ती प्रस्तावना मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली.

सिराखचा अडतिसावा अध्याय मी मावशींसाठी मुद्दाम राखून ठेवला होता. वैद्याचा मान ठेव, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले. प्रभूने जमिनीतून औषधे उत्पन्न केली आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही. आजारी पडलास तर प्रार्थना कर, आणि वैद्यालाही जागा दे. मावशींनी ते हातात घेऊन दोनदा वाचले. मिशन हॉस्पिटलात सकाळच्या प्रार्थनेला इतकी वर्षे बसले, त्या म्हणाल्या, आणि आमच्याच कामाविषयीचा हा अध्याय कोणी वाचून दाखवला नाही. मग त्या पंधराव्या ओवीपाशी आल्या, जी माझ्या प्रतीत अशी आहे की जो आपल्या निर्मात्यासमोर पाप करतो तो वैद्याच्या हाती पडो. मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “म्हणजे आमच्या वॉर्डात आलेला प्रत्येक जण पापी?” टिपेकडे त्यांनी पाहिलेही नाही. मी त्यांना सांगितले, की सापडलेल्या हिब्रू प्रतींत ही ओवी वेगळी आहे. तिथे पाप करणारा वैद्यापुढे ताठा दाखवतो असा अर्थ निघतो. “हा खरा,” त्या म्हणाल्या. “असे रुग्ण मी रोज पाहिले आहेत.” त्या अध्यायाची त्यांनी माझ्याकडून झेरॉक्स काढून घेतली, मोठ्या अक्षरांत.

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचे मात्र असे झाले नाही. तो मी सांगितला नव्हता, त्यांनीच मागितला. आईच्या नावाने आम्ही दर महिन्याला मिस्सा सांगतो, मावशी तिला येऊन बसतात, आणि मृतांसाठी प्रार्थना करणे त्यांच्या श्रद्धेत बसत नाही, हे त्यांनी मला कधीच लपवून ठेवलेले नाही. बाराव्या अध्यायात लढाईत पडलेल्या सैनिकांची प्रेते उचलताना त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात, आणि त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी दोन हजार द्राख्मा चांदी गोळा करून त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावे म्हणून जेरुसलेमला पाठवतो. कॅथलिक चर्चच्या श्रद्धाग्रंथाच्या १०३२ व्या परिच्छेदात मृतांसाठीच्या प्रार्थनेला याच अध्यायाचा आधार दिलेला आहे. हे मी सांगितले, पुस्तक त्यांच्यापुढे केले. मावशींनी चष्मा काढून पुसला. “टीप तुमच्या लोकांनी लिहिली आहे,” त्या म्हणाल्या, “ती तुमच्याच बाजूने बोलणार.” मी म्हटले, तुमच्या शास्त्रात टीप नाही हे खरे, पण हे पान त्यात नसावे हेही कोणीतरी बसूनच ठरवले. त्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग संपूर्ण ग्रंथाची झेरॉक्स घेऊन मिरजेला गेल्या.

ती झेरॉक्स परत आली तेव्हा तिच्यावर ठिकठिकाणी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे होती. एकमेव अर्पण ख्रिस्ताने एकदाच केले, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते, मग हे अर्पण कशाला, हे एक. त्यावर आमचे बोलणे झाले आणि दोघीही जागच्या हलल्या नाहीत. पण सर्वांत ठळक चिन्ह अगदी शेवटच्या अध्यायात होते, जिथे लेखक निरोप घेताना म्हणतो, की हे लिखाण चांगले झाले असेल तर तेच माझ्या मनात होते, आणि सामान्य झाले असेल तर मला एवढेच जमले. मावशींचे म्हणणे असे, की देवाचे वचन असे बोलत नाही. मला तर त्या लेखकाविषयी या ओळीनेच माया वाटू लागली आहे. पण माया हा मुद्दा होऊ शकत नाही, हे मला कळते. येत्या रविवारी मी लूकच्या पहिल्या चार ओव्या काढून ठेवणार आहे. त्या आमच्या दोघींच्याही पुस्तकांत आहेत, आणि त्यांत लूक सरळ सांगतो, की बऱ्याच जणांनी हे लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, म्हणून मीही सगळे मुळापासून तपासून क्रमाने लिहायचे ठरवले. मावशींकडे त्याचेही उत्तर असणार, याची मला खात्री आहे.